सिद्धी आणि नेपथ्य : ‘बायोशॉक’ खेळमालिकेविषयीच्या चाहत्यांच्या चर्चेतील औचित्यविचार

१

साहित्यकृतीचा विचार करताना आपण लेखक, संहिता आणि वाचक हे तीन घटक गृहीत धरतो. मराठी समीक्षेत लेखकाच्या चरित्राकडून संहितेकडे आणि संहितेकडून वाचकाकडे लक्ष वळत गेले, हा इतिहास परिचित आहे. तथापि वाचकाचा विचार करतानाही आपल्या डोळ्यांसमोर असतो तो बहुधा प्रशिक्षित, एकटा आणि शांतपणे वाचणारा वाचक. एकत्र येऊन वाद घालणारा, एखाद्या तपशिलावर आठवडेच्या आठवडे खल करणारा आणि कलाकृतीवर मालकी सांगणारा आस्वादक आपल्या विवेचनात क्वचितच येतो. असा आस्वादक आज सर्वाधिक प्रमाणात आढळतो तो कथाप्रधान व्हिडिओ गेमच्या चाहत्यांमध्ये.

या खेळांना मराठी विभागाच्या पत्रिकेत स्थान का द्यावे, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या लेखाचा विषय खेळ नसून खेळाविषयीची चर्चा हा आहे. चाहते एखाद्या खेळातील अद्भुत शक्तींविषयी आणि त्याच्या दृश्यरचनेविषयी बोलतात तेव्हा ते नेमके काय करीत असतात? ती केवळ आवडीनिवडीची देवाणघेवाण असते, की तिच्यामागे काही समीक्षात्मक निकष उभे असतात? प्रस्तुत लेखाची भूमिका अशी आहे की, या चर्चेच्या केंद्रस्थानी जो निकष आढळतो तो आपल्या परंपरेत औचित्य या नावाने दीर्घकाळ ओळखला जातो. त्याचबरोबर या निकषाचा वापर करताना चाहत्यांची चर्चा एका ठरावीक मर्यादेपाशी अडखळते, हेही येथे दाखवावयाचे आहे.

विवेचनासाठी ‘बायोशॉक’ (२००७) आणि ‘बायोशॉक इन्फिनिट’ (२०१३) हे दोन खेळ निवडले आहेत. दोन्हींचे प्रमुख रचनाकार केन लेव्हिन हे असून ते इरॅशनल गेम्स या अमेरिकन संस्थेने निर्माण केले. मधला ‘बायोशॉक २’ (२०१०) हा अन्य चमूने केला असल्यामुळे तो येथे विचारात घेतलेला नाही. निवडलेले दोन्ही खेळ ‘शूटर’ या प्रकारातील, म्हणजे नायकाच्या डोळ्यांनी जग पाहत शस्त्र चालविण्याचे आहेत. कादंबरीच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथील दृष्टिकोन कडक प्रथमपुरुषी आहे. फरक एवढाच की, येथे ‘मी’ बोलत नाही, ‘मी’ हात पुढे करतो. पडद्याच्या खालच्या कडेला सतत दिसणारा हा हात पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

२

‘बायोशॉक’चे कथानक १९६० साली घडते. विमान अटलांटिक महासागरात कोसळते. जॅक नावाचा प्रवासी पोहत एका दीपगृहाशी येतो आणि तेथून समुद्रतळावरील रॅप्चर या नगरात उतरतो. अँड्र्यू रायन या उद्योगपतीने १९४६ साली हे नगर उभारावयास घेतले, ते राज्यसत्ता, धर्मसत्ता आणि समाजाचे उत्तरदायित्व या तिन्हींपासून कर्तृत्ववान माणसाला मुक्त करण्यासाठी. आयन रँड यांच्या व्यक्तिवादी तत्त्वज्ञानाचा आणि त्यांच्या ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ (१९५७) या कादंबरीचा संदर्भ येथे उघड आहे. रायन हे आडनाव, तसेच नायकाला रेडिओवरून मार्ग दाखविणाऱ्या पात्राचे अ‍ॅटलस हे नाव त्याची साक्ष देतात. नायक पोहोचतो तेव्हा नगर उद्ध्वस्त झालेले असते. कोणतेही बंधन न मानणाऱ्या बाजारपेठेत एक शोध विकावयास आला आणि त्याने नगर पोखरले.

हा शोध म्हणजे अ‍ॅडम. एका सागरी गोगलगायीपासून मिळणारे हे द्रव्य माणसाची जनुके बदलू शकते. त्यापासून बनविलेल्या ‘प्लाझ्मिड’ नामक औषधी शक्ती रॅप्चरमध्ये उघडपणे विकल्या जातात. हातातून वीज सोडणे, आग लावणे, गोठविणे, वस्तू दुरून उचलणे, कीटकांचा थवा सोडणे अशा त्या आहेत. शक्ती वापरण्यासाठी ‘ईव्ह’ नावाचे निळे द्रव्य टोचून घ्यावे लागते. अ‍ॅडमचे व्यसन जडलेले नागरिक, ज्यांना खेळात ‘स्प्लायसर’ म्हटले आहे, विद्रूप आणि विक्षिप्त होऊन एकमेकांवर तुटून पडलेले आहेत. अ‍ॅडमचे उत्पादन वाढावे म्हणून लहान मुलींच्या पोटात ती गोगलगाय रोपण केली जाते. या मुली, म्हणजे ‘लिटल सिस्टर’, प्रेतांतून अ‍ॅडम गोळा करीत फिरतात आणि पाणबुड्याच्या अवजड पोशाखातील ‘बिग डॅडी’ त्यांचे रक्षण करतात.

एवढ्या सारांशावरूनही एक गोष्ट ध्यानात येईल. येथील शक्ती कथानकाला बाहेरून चिकटविलेली नाही. तिच्यामागे उत्पादक आहे, किंमत आहे, जाहिरात आहे, ग्राहक आहे आणि बळीही आहे. याच रचनाकारांच्या ‘सिस्टिम शॉक २’ (१९९९) या खेळातही मानसिक शक्ती होत्या. ‘बायोशॉक’ त्याचा वारसदार मानला जातो. मात्र ‘बायोशॉक’मध्ये शक्तीला जी सामाजिक मुळे आहेत ती चाहत्यांच्या चर्चेचा पहिला विषय ठरली.

३

शक्तींविषयीच्या चर्चेचे तीन स्तर सहज वेगळे करता येतात.

पहिला स्तर उपयुक्ततेचा. कोणती शक्ती कोठे वापरावी, पाण्यात उभ्या असलेल्या शत्रूंवर वीज सोडली असता सर्वांना एकदम धक्का कसा बसतो, तेलाच्या तवंगावर आग कशी पसरते, अशा प्रकारचे हे बोलणे. वरवर पाहता हे केवळ डावपेच वाटतात. परंतु पाणी, तेल, वीज आणि आग यांचे परस्परसंबंध या जगात सुसंगतपणे टिकतात की नाही, याची ही कसून केलेली तपासणी असते. ज्या जगाचे नियम स्थिर असतात त्यावरच विश्वास बसतो, हे सूत्र चाहते प्रात्यक्षिकाने पडताळून पाहतात.

दुसरा स्तर कार्यकारणाचा. याचे लक्षणीय उदाहरण ‘व्हिटा चेंबर’चे आहे. खेळाडू मेला की तो या यंत्रात पुन्हा जिवंत होतो. ही सोय बहुतेक खेळांत विनास्पष्टीकरण असते. येथे मात्र स्पष्टीकरण आहे. ही यंत्रे रायनच्या जनुकांशी जुळविलेली आहेत आणि पुढे उघड होते की, जॅक हा रायनचाच मुलगा आहे. मग चाहत्यांनी पुढचा प्रश्न विचारला : रायनचा मृत्यू झाल्यावर तो स्वतः का जिवंत होत नाही? त्याचे उत्तर दृश्यातच होते. रायनच्या दालनातील यंत्र बंद केलेले आहे. म्हणजे त्याने मृत्यू निवडला. वोल्फगांग आयझर यांनी संहितेतील रिक्त जागा आणि त्या भरणारा वाचक यांची जी मांडणी केली, तिचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. संवादात कोठेही न सांगितलेली गोष्ट एका विझलेल्या यंत्रावरून वाचली गेली आणि त्या वाचनाने एका पात्राची व्यक्तिरेखा बदलली. हुकूमशहाचा वध हा प्रसंग स्वतःच्या तत्त्वाला अखेरपर्यंत चिकटून राहिलेल्या माणसाचा स्वेच्छामृत्यू ठरला.

तिसरा स्तर नैतिक मूल्याचा. लिटल सिस्टर हाती आल्यावर खेळाडूपुढे दोन पर्याय असतात. तिला मारून १६० अ‍ॅडम मिळवावे किंवा तिला मुक्त करून ८० वर समाधान मानावे. अधिक शक्ती हवी असेल तर मूल मारावे लागेल, अशी ही मांडणी आहे. चाहत्यांनी लगेच हिशेब मांडला. तीन मुली वाचविल्या की कृतज्ञतेची भेट म्हणून २०० अ‍ॅडम मिळते. तेव्हा तीन मुली मारल्यास ४८०, वाचविल्यास ४४०. संपूर्ण खेळात अशा २१ मुली आहेत. म्हणजे सर्व मारल्यास ३३६०, सर्व वाचविल्यास ३०८०. फरक २८०चा. शिवाय भेटीत अन्यत्र न मिळणारी शक्तीही येते. म्हणून, चाहत्यांच्या मते, हा त्याग नव्हेच. सद्वर्तन येथे जवळजवळ फुकट मिळते.

हा आक्षेप गंभीर आहे. त्यात निव्वळ बेरीज नाही. आशय जे सांगतो ते रचनेने सिद्ध केले पाहिजे, अशी अपेक्षा त्यामागे आहे. कादंबरीत लेखकाने पात्राच्या त्यागाचे वर्णन केले आणि कथानकात मात्र त्याचे काहीच हिरावले गेले नाही, तर आपणही हाच आक्षेप घेऊ. आपण त्याला कृतक भावुकता म्हणू. चाहते त्याला आकड्यांत मांडतात, एवढेच.

४

आता दृश्यरचनेकडे वळू. आपल्या नाट्यविचारात अभिनयाचे चार प्रकार मानले आहेत : आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. वेशभूषा, रंगभूषा आणि नेपथ्यातील वस्तू यांतून होणारी अर्थनिष्पत्ती आहार्यात येते. नाटकाची चर्चा संहितेपुरती करण्याच्या आपल्या सवयीमुळे हा प्रकार अनेकदा दुय्यम राहिला. चाहत्यांच्या चर्चेत मात्र त्याला अग्रस्थान आहे आणि ते योग्यही आहे, कारण या प्रकारच्या खेळात निवेदकाचे बरेचसे काम नेपथ्य करते.

रॅप्चरची वास्तुशैली आर्ट डेको आहे. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनातून जगभर गेलेली ही शैली मराठी वाचकाला नवखी नाही. मुंबईतील मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील इमारती त्याच शैलीच्या असून युनेस्कोने २०१८ साली मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहांचा जागतिक वारशात समावेश केला. भौमितिक रेषा, पायऱ्यापायऱ्यांनी उंचावणारे मनोरे, धातूचा झगमगाट, उगवत्या सूर्याची किरणे ही तिची वैशिष्ट्ये उद्योग, वेग आणि मानवी सामर्थ्य यांचा गौरव करतात. रायनच्या तत्त्वज्ञानाला याहून अनुरूप शैली मिळाली नसती. मग याच झळाळत्या भिंतींतून पाणी गळताना, पितळेवर शेवाळ धरताना दिसते. विचार आणि त्याचा पराभव एकाच भिंतीवर वाचता येतो. स्कॉट सिंक्लेअर यांच्या कलादिग्दर्शनाविषयी चाहत्यांना जे सर्वाधिक बोलावेसे वाटते ते हेच.

स्प्लायसरांच्या चेहऱ्यांवर मुखवटे आहेत. ते केवळ भीतिदायक दिसावेत म्हणून नाहीत. १९५८ च्या अखेरच्या रात्री, नववर्षाच्या मुखवटा-मेजवानीत दंगल उसळली, तेव्हाचे ते मुखवटे आहेत. विद्रूप चेहरा झाकण्याची गरज आणि त्या रात्रीची स्मृती या दोन्ही गोष्टी एका वस्तूत एकत्र आल्या आहेत. बिग डॅडीच्या शिरस्त्राणातील गोल काचांचा प्रकाशही असाच बोलका आहे. तो शांत असता पिवळा, चवताळला असता लाल आणि खेळाडूच्या शक्तीने वश झाला असता हिरवा होतो. चेहरा नसलेल्या, केवळ हंबरडा फोडणाऱ्या या पात्राचा सारा सात्त्विक अभिनय तीन रंगांवर पेललेला आहे.

मुलींच्या बाबतीतही दृश्यरचनेने आशय ठरविला. सुरुवातीच्या आराखड्यांत अ‍ॅडम गोळा करणारे जीव कीटकासारखे किंवा गोगलगायीसारखे होते. अशा जीवाला मारावे की वाचवावे, हा प्रश्न कोणाच्याही मनाला स्पर्श करणारा नव्हता. तो जीव लहान मुलगी झाला आणि प्रश्नाला धार आली. येथे आधी कल्पना आणि मग तिचे चित्र असा क्रम राहिला नाही. चित्राने कल्पनेला नैतिक रूप दिले.

परंतु शक्ती आणि दृश्यरचना या दोन विषयांचा खरा संगम होतो तो हातावर. खेळाडूने आगीची शक्ती निवडली की डावा हात भाजल्यासारखा होतो आणि बोटांवर ठिणग्या दिसतात. गोठविण्याची शक्ती निवडली की त्वचेतून बर्फाचे काटे फुटतात. कीटकांची शक्ती निवडली की हाताला पोळ्यासारखी छिद्रे पडतात. पहिली शक्ती टोचून घेताना नायक किंचाळत कोसळतो. चाहते या हातांची चित्रे काढतात, त्यांच्या प्रतिकृती करतात, कोणता हात सर्वांत किळसवाणा यावर वाद घालतात. या आकर्षणाचे कारण उघड आहे. आपण समोरच्या विद्रूप माणसांवर गोळ्या झाडीत असतो, आणि डोळ्यांसमोरचा आपला हात सांगत असतो की, आपणही त्यांच्याच वाटेवर आहोत. येथे शक्ती हा अलंकार नाही. ती देहावर लिहिलेली किंमत आहे.

५

‘बायोशॉक इन्फिनिट’मध्ये काळ १९१२ आणि स्थळ कोलंबिया हे आकाशात तरंगणारे नगर. १८९३ च्या शिकागो येथील कोलंबियन प्रदर्शनातील शुभ्र, अभिजाततावादी इमारतींचा आदर्श येथे समोर आहे. ऊन, ध्वज, पताका, फुलांचे ताटवे आणि प्रार्थनामंदिरे यांनी हे नगर भरलेले आहे. वॉशिंग्टन, फ्रँकलिन आणि जेफरसन यांची येथे देवांप्रमाणे पूजा होते. झॅकरी कॉमस्टॉक हा स्वतःस प्रेषित म्हणविणारा शासक या नगराचा प्रमुख असून त्याच्या शुभ्रतेखाली वंशद्वेष दडलेला आहे. बुकर डेविट हा माजी सैनिक एलिझाबेथ या बंदिवान मुलीला सोडविण्यासाठी तेथे येतो.

येथे शक्तींना ‘व्हिगर’ म्हटले आहे. त्या आठ आहेत आणि त्या टोचून घ्यावयाच्या नसून बाटलीतून प्यावयाच्या आहेत. प्रत्येक बाटली म्हणजे स्वतंत्र शिल्प आहे. कावळ्यांचा थवा सोडणाऱ्या शक्तीच्या बाटलीला कावळ्याचे डोके, शत्रूला हवेत उडविणाऱ्या शक्तीच्या बाटलीला उधळलेल्या घोड्याचा आकार. शतकारंभीच्या अमेरिकेतील रामबाण औषधांच्या जाहिरातींचा हा सुंदर उपहास आहे. हातावरील परिणामही कायम आहेत : नखे आणि पिसे फुटतात, मांस जळून हाडे दिसतात. दृश्यरचनेच्या अंगाने ही निर्मिती पहिल्या खेळाहून कमी नाही. काही चाहत्यांच्या मते सरसच आहे.

असे असूनही चाहत्यांच्या चर्चेत एक आक्षेप सातत्याने येत राहिला. तो असा की, या शक्ती कोलंबियाच्या जीवनात कोठेच मुरलेल्या नाहीत. जत्रेत त्यांची प्रात्यक्षिके होतात, पहिली बाटली तर नमुना म्हणून फुकट हाती पडते. मग नागरिक त्या का वापरीत नाहीत? पोलीस का वापरीत नाहीत? आग फेकणारे आणि कावळे सोडणारे मोजके शत्रू सोडले तर शक्तींचा अधिकारी बुकर एकटाच. त्यांचे व्यसन नाही, दुष्परिणाम नाही, त्यांच्यासाठी बळी गेलेला कोणी नाही. किळसवाणा दिसणारा हात क्षणात पूर्ववत होतो आणि कथेत त्याचा पुन्हा उल्लेखही येत नाही.

हा आक्षेप नीट पाहिला तर तो अशक्यतेविरुद्ध नाही. नगर आकाशात तरंगते, एलिझाबेथ हवेत फट पाडून दुसऱ्या विश्वात डोकावते, हे सारे चाहत्यांनी विनातक्रार स्वीकारले आहे. अशक्य परंतु संभवनीय गोष्ट ही शक्य परंतु असंभवनीय गोष्टीहून काव्यात श्रेयस्कर, असे अ‍ॅरिस्टॉटलने सांगितले होते. चाहत्यांचा आक्षेप नेमका या संभवनीयतेविषयी आहे. आपल्या परिभाषेत तो अनौचित्याचा आक्षेप होय. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्य हेच रससिद्ध काव्याचे जीवित मानले आणि देश, काल, स्वभाव इत्यादी स्थाने सांगून त्या त्या ठिकाणी ते तपासले. त्याच्याही आधी आनंदवर्धनाने रसभंगाचे मूळ अनौचित्यात पाहिले होते. अलंकार सुंदर असूनही तो योग्य स्थानी नसेल तर हास्यास्पद ठरतो, हा या विचाराचा गाभा. व्हिगरच्या बाटलीविषयी चाहते हेच म्हणतात : बाटली सुंदर आहे, परंतु ती या नगराची नाही.

बचावपक्षही दुर्बळ नाही आणि त्याचे युक्तिवाद औचित्याच्याच भूमीवर उभे आहेत. पहिला युक्तिवाद असा की, काही शक्ती परिसरात नीट रुजलेल्या आहेत. कावळ्यांची शक्ती ज्या गुप्त बंधुसंघाच्या वास्तूत मिळते तेथे लिंकनचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ याची पूजा होते. अंधार, पिसे, कावळ्यांची विष्ठा आणि शवपेटी पाठीवर वाहणारा शत्रू यांच्या सान्निध्यात ती शक्ती अपरिहार्य वाटते. विजेची शक्ती तर यंत्रे चालविण्यासाठी कोलंबियात वापरली जाते. दुसरा युक्तिवाद असा की, या वस्तू बाजारात नव्याने आलेल्या आहेत, त्यामुळे त्यांचा प्रसार झालेला नाही. तिसरा युक्तिवाद कालक्रमाच्या विशेषाचा. कोलंबियातील उद्योगपती फिंक याने विश्वांमधील फटींतून अन्य जगांतील शोध चोरले. तेव्हा उसनी गोष्ट उपरी दिसणारच.

तिसऱ्या युक्तिवादाला निर्मात्यांनीच पुढे दुजोरा दिला. ‘बरिअल अ‍ॅट सी’ या पुरवणी-कथेच्या २०१३ आणि २०१४ मधील दोन भागांत फिंक आणि रॅप्चरमधील वैज्ञानिक सुचाँग यांच्यातील दुवा दाखविण्यात आला. शक्ती पिऊन घेता येते, परंतु त्यास अ‍ॅडम फार लागते, म्हणून रॅप्चरमध्ये ती टोचून घेण्याची पद्धत आली, असाही खुलासा त्यात आहे. अनेक चाहत्यांचे समाधान झाले. वादाचे मूळ मात्र यामुळे मिटले का, हा प्रश्न उरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ते मिटले नाही, आणि त्याचे कारण पाहणे उद्‌बोधक ठरेल.

६

कारण सांगता येणे आणि औचित्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फिंकला शक्ती कोठून मिळाली, हे कळल्याने उत्पत्तीचा प्रश्न सुटतो. त्या शक्तीचा कोलंबियाच्या पापाशी काय संबंध, हा अर्थाचा प्रश्न तसाच राहतो. रॅप्चरचे पाप अमर्याद स्वार्थ हे आहे आणि प्लाझ्मिड हे त्या पापाचे मूर्त रूप आहे. तेथील बाजार शेवटी स्वतःच्या देहाचा आणि दुसऱ्याच्या मुलीचाही व्यापार मांडतो. कोलंबियाचे पाप वंशाभिमान आणि धर्मांधता हे आहे. व्हिगर त्या पापाचे रूप होत नाही. बंधुसंघातील कावळे एवढाच अपवाद, आणि म्हणूनच तो अपवाद चाहत्यांना लख्ख आठवतो. पहिल्या खेळात शक्ती हे प्रतीक आहे. दुसऱ्यात ती प्रामुख्याने साधन उरते.

येथे चाहत्यांच्या चर्चेची मर्यादा दिसते. अनौचित्य त्यांना अचूक जाणवते, परंतु त्याचे निदान ते बहुधा कार्यकारणाच्या भाषेत करतात. त्यामुळे ‘नागरिक शक्ती का वापरीत नाहीत?’ हा प्रश्न ते विचारतात आणि एखादे ध्वनिमुद्रण किंवा पुरवणी-कथा त्याचे उत्तर देऊन गेली की तक्रार मागे घेतात. रसभंग झाला होता तो अर्थाच्या पातळीवर; मलमपट्टी झाली ती माहितीच्या पातळीवर. स्टॅन्ले फिश यांनी अन्वयार्थ लावणाऱ्या समुदायांची कल्पना मांडली. समुदायाच्या पद्धतीच ठरवितात की, संहितेत काय दिसेल. चाहत्यांच्या समुदायाची प्रिय पद्धत ही काल्पनिक जगाचा कोश रचण्याची आहे. त्या पद्धतीतून विझलेले यंत्र दिसते, ही तिची देणगी. तिच्यातून प्रतीक निसटते, ही तिची उणीव.

तशीच एक उणीव मुलींच्या हिशेबातही आहे. २८० अ‍ॅडमचा फरक अत्यल्प आहे, हे गणित निर्विवाद होय. तथापि पहिल्यांदा खेळणाऱ्याला हे गणित ठाऊक नसते. पहिल्या मुलीसमोर उभे असताना त्याला एवढेच दिसते की, दया दाखविली तर आपण दुबळे राहू. निवडीचे नैतिक मूल्य त्या क्षणीच्या अज्ञानात आहे. संपूर्ण खेळ संपवून केलेल्या बेरजेत ते सापडणार नाही. पुनर्वाचनाची दृष्टी प्रथमवाचनावर लादण्याची ही चूक आपणही वर्गात अनेकदा करतो. शेवट माहीत असलेली शोकांतिका शिकविताना नायकाच्या निर्णयाला आपण सहज मूर्खपणा म्हणून जातो.

या संदर्भात क्लिंट हॉकिंग यांनी २००७ साली घेतलेल्या आक्षेपाचा उल्लेख आवश्यक आहे. त्यांच्या मते ‘बायोशॉक’मधील खेळण्याचे नियम स्वार्थाची मुभा देतात, मुलगी मारण्याचा पर्याय खुला ठेवतात, कथानक मात्र खेळाडूला अ‍ॅटलसला मदत करण्याची सक्ती करते. खेळ आणि कथन यांतील या विसंगतीसाठी त्यांनी रूढ केलेली संज्ञा पुढे सर्वत्र स्वीकारली गेली. मराठीत तिला क्रीडाकथन-विसंवाद म्हणता येईल. चाहत्यांचे प्रत्युत्तर असे की, ही सक्ती हाच तर कथेचा विषय आहे. जॅक एका साध्या सौजन्यवाचक शब्दप्रयोगाने आज्ञा पाळावयास बांधलेला आहे आणि अ‍ॅटलस म्हणजे फाँटेन हा ठग त्याला आरंभापासून राबवितो. ज्याला आपण स्वातंत्र्य समजत होतो ती आज्ञाधारकता होती, हा साक्षात्कार नायकाबरोबर खेळाडूलाही होतो. हे प्रत्युत्तर रायनच्या मृत्यूपर्यंत पूर्णपणे पटते. त्यानंतरही खेळाडूला दिलेल्या दिशेनेच चालावे लागते. तेव्हा हॉकिंग यांचा आक्षेप पुन्हा डोके वर काढतो. दोन्ही बाजू अंशतः खऱ्या ठरतात, आणि समीक्षेतील फलदायी वादांचे लक्षण हेच असते.

चाहत्यांच्या मताला निर्मितीप्रक्रियेतही स्थान मिळाले, हे येथे नोंदविले पाहिजे. पहिल्या खेळाची विशेष आवृत्ती चाहत्यांच्या मागणीपत्रामुळे निघाली आणि तिच्यात बिग डॅडीची मूर्ती देण्यात आली. दुसऱ्या खेळाचे मुखपृष्ठ २०१२ च्या डिसेंबरात जाहीर झाले तेव्हा बंदूकधारी नायकाचे ते चित्र चाहत्यांना सवंग वाटले. नगर, एलिझाबेथ, आशय यांपैकी त्यात काहीच नव्हते. अखेर वेष्टनाच्या मागील बाजूचे पर्यायी चित्र चाहत्यांच्या मतदानाने ठरविण्यात आले. हेन्री जेन्किन्स यांनी ‘टेक्स्चुअल पोचर्स’ (१९९२) या ग्रंथात चाहत्यांना संहितेच्या रानात शिकार करणारे उपरे म्हटले होते. येथे रानाच्या मालकानेच एक फाटक उघडलेले दिसते. मात्र ते वेष्टनाच्या मागील बाजूचे होते, हेही विसरता येत नाही. दर्शनी बाजू बंदूकधाऱ्याकडेच राहिली.

७

आतापर्यंतच्या विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. अद्भुत शक्ती आणि दृश्यरचना यांविषयीची चाहत्यांची चर्चा ही निकषहीन नाही. जगाच्या नियमांची स्थिरता, आशय आणि रचना यांचा मेळ आणि अद्भुताचे औचित्य हे तिचे निकष आहेत. हे निकष आपल्या काव्यशास्त्राला परके नाहीत. नेपथ्याचे वाचन करण्याची चाहत्यांची क्षमता आपल्या संहिताकेंद्री अध्यापनाहून अनेकदा सूक्ष्म आहे. परंतु अर्थाच्या प्रश्नाला माहितीचे उत्तर घेऊन समाधान पावणे ही या चर्चेची मर्यादा आहे.

आज पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी आस्वादाचे पहिले धडे अशाच चर्चांतून घेतलेले असतात. ते वर्गात गप्प राहतात, कारण जे त्यांना येते त्याला येथे नाव नाही आणि जी नावे येथे शिकविली जातात ती त्यांनी कशासाठी वापरावीत हे त्यांना उमगत नाही. औचित्याची व्याख्या पाठ करून घेतलेला विद्यार्थी परीक्षेत क्षेमेंद्राची सत्तावीस स्थाने लिहितो. त्याच विद्यार्थ्याने मित्राशी वाद घालताना व्हिगरची बाटली या नगराची नाही असे म्हटलेले असते. पण आपण त्या क्षणी क्षेमेंद्राचाच निकष लावीत होतो, याची त्याला कल्पना नसते. या दोन कृतींमधील भिंत पाडणे हे अध्यापकाचे काम आहे.

त्यासाठी खेळ अभ्यासक्रमात आणण्याची आवश्यकता नाही. विद्यार्थ्याला जे जाणवते त्यासाठी त्याला शब्द द्यावा आणि मग तो शब्द जेथे थांबतो तेथून पुढचा प्रश्न विचारावा, एवढे पुरेसे आहे. ‘ही शक्ती कोठून आली?’ असे तो विचारीत असेल तर ‘ती कशाची खूण आहे?’ असे त्याला विचारावयास शिकवावे. हा दुसरा प्रश्न विचारता येऊ लागला की तो विद्यार्थी ज्ञानेश्वरांच्या काळातील चमत्कारकथा, एकोणिसाव्या शतकातील अद्भुतरम्य कादंबरी आणि आजचा पडद्यावरील खेळ यांकडे एकाच सजग दृष्टीने पाहू शकेल. आपल्या विषयाचे भवितव्य बऱ्याच अंशी अशा दृष्टीच्या हस्तांतरणावर अवलंबून आहे.